कपाळावरची आठी

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास सोलापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून माणसांच्या कपाळांकडे बघावं. पारा चाळिशी ओलांडून कधीच वर गेलेला असतो, फरशीवरून झळा येत असतात आणि सगळ्यांच्याच भुवया एकमेकींकडे ओढलेल्या असतात. धोतरातले आजोबा, डोक्यावर टॉवेल टाकलेला हमाल, पुण्याच्या गाडीची वाट बघणारा पाठीवर बॅग अडकवलेला मुलगा, कडेवर लेकरू घेतलेली बाई, सगळ्यांच्या कपाळाला सारख्याच आठ्या. आठी उन्हाने पाडलेली असते. तरी बघणाऱ्याच्या मनात, तिथे मुरलेल्या भेदभावाप्रमाणे, तिला वेगवेगळी नावं मिळतात. एकाकडे बघून वाटतं, बिचारा उन्हाने कावलाय. दुसऱ्याकडे बघून वाटतं, हा तापट दिसतो, जरा लांबूनच जावं.

हा फरक आठीत नाही, हे कळायला चेहऱ्याची थोडी शरीररचना माहीत असावी लागते. भुवया आत आणि खाली ओढणारा एक छोटासा स्नायू नाकाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असतो. त्याला कॉरुगेटर म्हणतात. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात भुवया खाली येणं हा ४ क्रमांक, गाल वर चढून डोळ्याभोवतीची कातडी गोळा होणं हा ६, पापण्या आवळणं हा ७ आणि ओठांचे कोपरे वर जाणं हा १२. मला या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की ४ आणि ७ उन्हात होतात, रागात होतात आणि दुखण्यातही होतात. तिन्हींतला फरक इतरत्र शोधावा लागतो. रागात वरची पापणी उचलली जाते, डोळे वटारल्यासारखे होतात, ओठ आवळले जातात. दुखत असेल तर डोळे मिटतात, नाक मुरडलं जातं, वरचा ओठ उचलला जातो. उन्हात डोळे बारीक होतात, गाल वर येतात, पण ओठ आवळलेले नसतात. म्हणजे कपाळ एकटं काहीच सांगत नाही. आणि आपण बहुतेक निकाल कपाळ बघूनच देतो.

शिवाय राग आला की आठी पडतेच असंही नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. शहरी समाजांतली प्रौढ माणसं रागात भुवया आकसतात ती सरासरी दहापैकी तीनच वेळा, असं त्यातून दिसलं. उरलेल्या सात वेळा राग गप्प बसतो, हसतो, कधी रडतोही.

आता भेदभावाकडे येऊ. वंशभेद किंवा जातिभेद मनात असला की समोरचा चेहरा वाचताच येत नाही, असा एक ढोबळ समज असतो. मला तो पटत नाही. चेहरा दिसतो तसाच दिसतो, सरकतो तो उंबरठा. निर्विकार चेहऱ्यापासून पुरत्या संतापलेल्या चेहऱ्यापर्यंत शंभर पायऱ्या आहेत असं समजा. कितव्या पायरीवर तुमचं मन म्हणतं, ‘हा रागावला’? तो तुमचा उंबरठा. तो सगळ्या माणसांसाठी एकाच उंचीवर असेल तर तुम्ही फार तर कमी-जास्त हळवे. पण एका गटासाठी तो खाली आणि दुसऱ्यासाठी वर असेल, तर एकच आठी एकाला गुन्हेगार ठरवते आणि दुसऱ्याला दमलेला.

अमेरिकेत कर्ट ह्यूगेनबर्ग आणि गेलन बोडेनहाउसन यांनी २००३ मध्ये नेमकं हेच मोजलं. त्यांनी संगणकावर चेहऱ्यांच्या छोट्या फिती बनवल्या. एका प्रकारात रागीट चेहरा हळूहळू निवळत हसरा होतो, दुसऱ्या प्रकारात उलट. बघणारे गोरे अमेरिकन, फितीतले चेहरे काही गोरे तर काही कृष्णवर्णीय. राग कधी संपला, कधी सुरू झाला, एवढंच सांगायचं. ज्यांच्या मनात नकळत मुरलेला पूर्वग्रह जास्त होता, त्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यावरचा राग जास्त वेळ रेंगाळताना दिसला आणि लवकर उगवतानाही दिसला. तोंडाने सांगितलेल्या मतांवरून मात्र हा फरक ओळखता आला नाही. ‘आमच्या मनात तसलं काही नाही’ असं प्रामाणिकपणे सांगणारा माणूससुद्धा उंबरठ्यावर अडखळतो, तो असा. त्याच दोघांनी २००४ मध्ये उलटा प्रश्न घेतला. वंश नीट ओळखू न येणारे चेहरे दाखवले. पूर्वग्रह जास्त असलेल्यांनी तेच चेहरे रागावलेले असताना अधिक वेळा ‘कृष्णवर्णीय’ ठरवले. वंश पाहून राग ठरतो आणि राग पाहून वंशही.

वेदनेच्या बाबतीत उंबरठा वर जातो, आणि मला हे रागापेक्षाही जास्त बोचतं. पीटर मेंडे-सिडलेकी आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या प्रयोगांत गोऱ्या बघणाऱ्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यावर वेदना दिसायला ती अधिक तीव्र व्हावी लागली. जिथे कमी दिसली तिथे वेदनाशामकही कमी सुचवलं गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली होती. त्यातल्या सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते, खरी मानली होती. राग लवकर दिसतो, दुखणं उशिरा दिसतं, आणि दोन्ही चुका एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

हसण्याचंही तसंच. खरं हसू ओठांत आणि डोळ्यांत मिळून असतं, म्हणजे १२ बरोबर ६ ही येतो. तोंडदेखल्या हसण्यात नुसता १२. फ्रान्सचे वैद्य द्युशेन यांनी हा फरक १८६२ मध्येच छायाचित्रांसह मांडला होता. २०१९ च्या एका अभ्यासात गोऱ्या बघणाऱ्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यांवरचं खरं आणि तोंडदेखलं हसू तितकंसं वेगळं काढता आलं नाही. कारणही सापडलं, त्यांची नजर त्या चेहऱ्यांच्या डोळ्यांवर कमी थांबत होती. ज्याचे डोळे पाहिलेच नाहीत, त्याचं हसू कसं ओळखणार?

हे झालं बघणाऱ्याचं. पण ज्याने आयुष्यभर ती नजर झेलली, त्याच्या वाचनाचं काय होतं? या विषयातला हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे, आणि यावर बोलताना लोक सगळ्यात जास्त उतावीळ होतात. ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’, ‘तसं काही नव्हतं त्याच्या मनात’ ही वाक्यं आपल्याकडे किती सहज फेकली जातात!

सेथ पोलक यांनी मार खात वाढलेल्या मुलांवर काम केलं. अंधुक चित्रातून हळूहळू स्पष्ट होत जाणारा चेहरा दाखवला, तर या मुलांना राग इतर मुलांपेक्षा कमी माहितीत, लवकर ओळखू येतो. याला डोळ्यांचा दोष कसा म्हणणार? त्या घरात टिकून राहायला लागणारं ते कसब आहे. २००८ मध्ये मायकेल इन्झलिक्ट आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांवर प्रयोग केला. बाई म्हणून आपल्याला तुच्छ लेखलं जाईल अशी धास्ती ज्यांच्या मनात कायम होती, त्यांना पुरुषांच्या चेहऱ्यावरची तुच्छता जास्त वेळ टिकलेली दिसली. म्हणजे उंबरठा इथेही सरकला. पण २०१६ चं एक संशोधन दुसरी बाजू दाखवतं. गोऱ्यांच्या समतेच्या बोलण्यावर विश्वास नसलेली अल्पसंख्याक माणसं त्यांचं खरं आणि तोंडदेखलं हसू अधिक अचूक वेगळं काढू शकली. आणि २००२ मध्ये हिलरी एल्फेनबाइन आणि नलिनी अंबाडी यांनी देशोदेशींचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा असं दिसलं की आपल्या गटातल्या माणसाच्या भावना सगळ्यांनाच अधिक बरोबर वाचता येतात. गटांचा एकमेकांशी वावर वाढला की हा फरक कमी होतो. आणि बहुसंख्य लोक अल्पसंख्याकांचे चेहरे जितके चुकीचे वाचतात, तितके अल्पसंख्याक बहुसंख्याकांचे चुकवत नाहीत. नोकराला मालकाचा मूड कळावाच लागतो, मालकाचं त्याच्यावाचून अडत नाही.

साप साप म्हणून भुई धोपटू नये, असं आपण म्हणतो. पण ज्याच्या वाटेवर खरेच साप निघाले आहेत, त्याला भुई धोपटणं स्वस्त पडतं. न धोपटणं जिवावर बेतू शकतं. तुच्छता ओळखायची राहिली तर चारचौघांत अपमान, गेलेली नोकरी, नाकारलेली खोली. नसलेली तुच्छता दिसली तर एखादी ओळख व्हायची राहिली, एवढंच. दोन चुकांची किंमत सारखी नसेल तेव्हा उंबरठा स्वस्त चुकीकडे झुकतो, आणि त्यात बुद्धीची काही कमतरता नसते. किंमत मात्र मोजावी लागतेच. दिवसभर प्रत्येक भुवईवर लक्ष ठेवणारा माणूस संध्याकाळी थकतो आणि खऱ्या आपुलकीच्या हसण्यापुढेही त्याचे खांदे आवळलेलेच राहतात.

वर सांगितलेल्या बहुतेक प्रयोगांतला वंश अमेरिकेतला आहे, तो उचलून इथे आणायचा नाही. आपल्याकडे जात चेहऱ्यावर लिहिलेली नसते. मग भेद चेहऱ्यापर्यंत कसा पोहोचतो? तो चिठ्ठी होऊन येतो. ‘आडनाव काय म्हणालात?’, ‘कुठल्या पेठेतले?’, ‘घरी काय बोलता?’ मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात ही चिठ्ठी पहिल्या मिनिटातच वाचली जाते. आणि चिठ्ठीने वाचन बदलतं, याचा पुरावा आहे. स्टीव्हन यंग आणि ह्यूगेनबर्ग यांनी २०१० मध्ये एकाच वंशाचे चेहरे घेतले आणि त्यांच्यावर फक्त ‘आपल्यातला’ किंवा ‘परका’ अशी नुसती पाटी लावली. आपल्यातल्या म्हणवलेल्या चेहऱ्यावरच्या भावना लोकांनी जास्त बरोबर ओळखल्या. चेहऱ्यात काहीही वेगळं नव्हतं.

सोलापूरला तर या चिठ्ठीचा कायदेशीर इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्या खाली काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. या शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली, आतल्यांना हजेरी द्यावी लागे, त्यांच्यातले अनेक जण गिरण्यांत कामाला जात. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या भागाला मात्र अजून ‘सेटलमेंट’ म्हणतात, आणि पत्ता सांगितला की समोरच्याच्या भुवया किंचित हलतात. ती हालचाल पत्ता सांगणाऱ्याला दिसत नसेल, असं कुणी समजू नये. असा तरुण मान खाली घालून बोलला तर ‘नजर चोरतो’, मान वर करून बोलला तर ‘मग्रूर आहे’. नजर चोरणं ही खोटेपणाची खूण आहे, ही समजूत पक्की आहे आणि चुकीची आहे. खरं-खोटं ओळखण्याच्या शेकडो चाचण्यांचा एकत्र हिशेब २००६ मध्ये झाला, तेव्हा सर्वसाधारण माणसाची अचूकता ५४ टक्के निघाली. नाणं उडवलं तर ५०.

सोलापुरात आणखी एक घोटाळा होतो, तो यंत्रमागाचा. मागाच्या खोलीतला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, तो मोठ्याने बोलतो, समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतो, नीट ऐकू यावं म्हणून भुवया आकसतो. खिडकीपलीकडच्या कारकुनाला वाटतं, हा भांडायला आलाय. पुढचं सगळं त्या समजुतीवर चालतं. कारकुनाचा आवाज चढतो, मग विणकराचाही चढतो, आणि कारकुनाला पुरावा मिळतो. शाळेतही असंच. रात्री घरात विड्या वळायला बसलेलं पोर सकाळी पेंगुळलेलं असतं. मास्तरांच्या तोंडी शब्द येतो ‘उद्धट’ किंवा ‘मख्ख’. एमी हॅल्बरस्टॅट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या भावी शिक्षकांना मुलांच्या चेहऱ्यांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. राग नसताना राग दिसण्याची चूक त्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत जास्त केली. शिक्षेची नोंदवही त्यानंतर भरते.

आपला उंबरठा आपल्याला मोजता येतो का? येतो, आणि शिक्षकांच्या किंवा परिचारिकांच्या प्रशिक्षणात हे करून बघण्यासारखं आहे. आठ माणसांची त्यांच्या संमतीने छायाचित्रं घ्या, दोन गटांतली चार-चार, प्रत्येकाची एक निर्विकार आणि एक रागीट. चेहरे मिसळणाऱ्या अ‍ॅपने दोन्हींच्या मधल्या पायऱ्या बनवा. शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहाने गेलं तर दर माणसामागे ११ चित्रं, एकूण ८८. ती पिसून अर्धा-अर्धा सेकंद दाखवा आणि ‘रागावलेला’ की ‘नाही’ एवढंच लिहायला सांगा. तीन फेऱ्या करा, म्हणजे २६४ उत्तरं होतात आणि दर पायरीवर दर गटाची बारा. ज्या पायरीवर बारापैकी सहा वेळा ‘रागावलेला’ आलं, तो त्या गटासाठीचा उंबरठा. दोन गटांत एका पायरीचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. दोन पायऱ्यांचा फरक दुसऱ्या दिवशीही तसाच आला, तर तो गंभीरपणे घ्यावा.

हे बिघडतं कुठे, तेही सांगतो. दोन्ही छायाचित्रांत तोंड मिटलेलं हवं, नाहीतर मधल्या पायऱ्यांत उघड्या आणि मिटलेल्या ओठांची भुतं दिसतात. टिकली, गंध, टोपी कापून टाका, कारण त्या चिठ्ठ्याच आहेत. सगळ्यात मोठा घोळ उजेडाचा. पांढऱ्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभं केलं की मोबाइल भिंतीचा उजेड धरतो आणि चेहरा काळवंडतो, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या बुजतात, हसू नुसतं ओठांचं उरतं. फिल्मच्या काळात रंग जुळवायला गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं ‘शर्ली कार्ड’ प्रमाण धरत, त्यामुळे गडद चेहऱ्यांचे तपशील हरवत. तीच चूक आपण पासपोर्ट फोटोत आजही करतो. मागे करड्या रंगाचा साधा टर्किश टॉवेल टांगा, माणसाला खिडकीकडे तिरकं बसवा, आणि मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. आडनावाचा परिणाम तपासायचा असेल तर चेहरा तोच ठेवून बघणाऱ्यांच्या निम्म्या गटाला एक आडनाव आणि निम्म्याला दुसरं दाखवा. हा प्रकार मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात चेहऱ्यावर खापर फोडायला जागा राहत नाही.

कॅमेरा हे काम निःपक्षपातीपणे करेल, अशी आशा कुणी धरू नये. २०१८ मध्ये लॉरेन ऱ्ह्यू यांनी अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंची छायाचित्रं भावना ओळखणाऱ्या दोन संगणक प्रणालींना दिली, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना जास्त राग चिकटवला गेला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा मागे घेतली. युरोपीय संघाने कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत अशा यंत्रांवर बंदी घातली आहे.

उंबरठा हलवता येतो का? ब्रिस्टलच्या इयान पेंटन-वोक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की येतो. संदिग्ध चेहरे दाखवायचे, उत्तर घ्यायचं आणि मधल्या पायऱ्यांवर ‘हा आनंदी होता’ असं सांगत राहायचं. थोड्याच बैठकांत बघणाऱ्यांना राग उशिरा दिसू लागला, आणि मारामारीकडे झुकलेल्या तरुणांची आक्रमकताही कमी झाली. पण हे प्रशिक्षण भेद सोसणाऱ्याला देऊन त्याचा पहारा सैल करायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. पहिल्यांदा उंबरठा हलायला हवा तो टेबलापलीकडच्याचा, ज्याच्या हातात शिक्का, छडी किंवा औषधाची चिठ्ठी आहे.

त्याने करायचं काम फार अवघड नाही. पहिल्या क्षणी भावनेचं नाव घेऊ नये, जे दिसतंय ते सांगावं, ‘भुवया खाली, ओठ सैल’. मग डोळ्यांकडे बघावं. मग ऊन, दात, चष्म्याचा नंबर, कान, उपवास, जागरण हे एकेक काढून बघावं. आणि शेवटी विचारावं. दुखणं असेल तर शून्य ते दहातला आकडा विचारावा, खोकताना आणि कूस बदलताना किती होतं तेही विचारावं, कारण पडून असताना चेहरा शांत दिसतो. आणि विचारावं त्याच्या भाषेत. तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवू, उर्दूत दर्द. सोलापुरातच जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले. आपल्याला तर पुढच्या गल्लीतला एकच शब्द शिकायचा आहे.

ज्यांचं रोजचं काम माणसांचे चेहरे बघण्याचं आहे, त्यांनी पंधरा दिवस एक वही ठेवावी. पहिल्या रकान्यात आपल्याला काय वाटलं ते लिहावं, रागावलाय, दुखत नाही, खोटं बोलतोय, जे असेल ते. दुसऱ्यात त्या माणसाने विचारल्यावर काय सांगितलं. तिसरा रकाना आडनावाचा, तो रोज भरू नये. पंधराव्या दिवशी हजेरीपटावरून किंवा केसपेपरवरून एकदम भरावा, आणि मग चुकलेल्या ओळींवर वरून खाली बोट फिरवावं.